विहाराच्या कुडावरची मुलं

जव्हारला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, राजवाडा बघितला का? नाही बघितला. मग धबधबा? मार्चात कुठला आलाय धबधबा. मग गेलात कशाला, असं तोंडाने विचारत नाहीत, पण चेहरा तसा होतो. त्या चेहऱ्याला उत्तर म्हणून हे लिहायला बसले आहे. पावसाळ्यात मोटारी काढून तिकडे भजी खायला जाणाऱ्यांनी खुशाल जावं, त्यांना यातलं काही उपयोगी पडणार नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आयुष्यभर मुलांकडून वहीच्या कडेने 'वारली बॉर्डर' काढून घेतली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. दहा मिनिटांत चित्र तयार, पैकीच्या पैकी गुण. वारली लोक कुठे राहतात हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही मुलांना सांगितलं नाही. आमच्याच शाळेत खिचडी शिजवणारी हिरा वारली आहे हे मला निवृत्त व्हायच्या सुमाराला कळलं.

यंदा शिमग्याच्या आधी हिरा घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, तुमच्या फोनात फोटो चांगला येतो. माझ्या भावाचा काढायचा व्हता."

"मग घेऊन ये की त्याला."

"तो भिंतीवर हाय," हिरा म्हणाली.

मग बसली आणि सांगितलं. हिराचं माहेर जव्हार तालुक्यात, वावरच्या अलीकडच्या एका पाड्यावर. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वावर-वांगणीची मुलं ज्या साली कुपोषणाने गेली, ब्याण्णव-त्र्याण्णवला, त्याच साली हिराचा धाकटा भाऊ लाडक्या गेला. हिरा तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. लाडक्याचा फोटो नाही, कपडा नाही, काहीच नाही. पाड्यावर चार-सहा बौद्ध घरं आहेत, त्यांचा लहानसा विहार आहे. त्या विहाराच्या मागच्या कुडावर, मातीने सारवलेल्या भिंतीवर, एका म्हातारीने त्या साली गेलेली पोरं काढून ठेवली होती. लाडक्या त्यांत होता. हिराची आई, सुकरीबाई, लेकीकडे नाशिकला राहायला आली तरी दर शिमग्याला गावी जायची. विहारात जायची, कुडासमोर बसायची, परत यायची. दोन वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि खाटेवरून उठणं संपलं. आता डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ हिराला कळत होता.

"रोज म्हणते, लाडक्याला आण. मरायच्या आधी एकदा बघते."

"तू पाहिलंयस ते चित्र?"

"मी आत गेलेच नाय कधी. लहान असताना भ्यायची. मंग लगीन झालं." मग म्हणाली, "पण वळखू येल. आयस सांगते, बाकी सगळी माणसं मधी बारीक, ही पोरं पोटाला गोल. म्हातारीनं भुकेनं फुगलेली पोटं काढलीत. लाडक्याच्या पायाशी कोंबडा हाय."

ही गोष्ट मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. वारली माणसाला कंबर असते, पोट नसतं. दोन टोकं जिथे मिळतात तिथे एक बिंदू, बस. ज्या बाईने तो बिंदू मोडून तिथे गोल काढला तिची भिंत बघायलाच हवी असं मला झालं. हिरा भावासाठी निघाली होती आणि मी चित्रांसाठी, हे खरं तेच लिहिते.

निघण्याआधी एक शहाणपणा मी केला. हिरा म्हणत होती, नुसतं जाऊ, कोणाला कशाला सांगायचं. पण मला न कळवता कुठे जायला आवडत नाही. तिथे गेल्यावर कुलूप असलं तर? हिराकडून विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या गौतमदादांचा नंबर घेतला आणि फोन केला. म्हटलं, आम्ही नाशिकहून दोघी येतोय, विहारातली चित्रं बघायला. नीट दिसतात ना? गौतमदादा म्हणाले, "दिसतील की. या तुम्ही."

मोखाडा

त्र्यंबकच्या पुढे एसटी घाटात शिरली की डोंगर काळे दिसायला लागतात. वणवा नसतो तो. भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. सगळ्या उतारांवर असे काळे चौकोन आणि मधेच एखादा पळस लालभडक पेटलेला. माझ्यातल्या चित्रकलेच्या बाईला ते रंग आवडले. शेजारी हिरा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

मोखाड्याला चहाला गाडी थांबली. स्टँडवर गर्दी होती. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवरून माणसं शिमग्याला परत येत होती. गोणीत भांडी, डोक्यावर गोधड्या, काखेत पोरं. एक बाई पोराला क्रीमच्या बिस्किटाचा पुडा देऊन गप्प करत होती. त्या पोराचे केस तांबूस आणि विरळ होते. मी ते बघितलं आणि हिराने मी बघताना मला बघितलं.

"आता आसं जास्ती नाय ऱ्हायलं," ती म्हणाली. "आता जेवण भेटतं शाळंत. मी नाय का शिजवत?"

चहावाला ऐकत होता. पन्नाशीचा गडी, तोंडाला कुलूप नसलेला. "त्या टायमाला काय गाड्या यायच्या, ताई. मंत्री, पेपरवाले, लाल दिवे. रस्ता नव्हता तर रस्ता झाला. पोरं गेली म्हणून रस्ता आला असं म्हणतात इकडं. आता कोणी येत नाय. तुम्ही कोणत्या पेपरच्या?"

मी कुठल्याच पेपरची नाही म्हटल्यावर त्याने चहात आणखी दूध घातलं नाही. चहा पिऊन निघालो. पुढे रस्त्यात पोरांनी दोर आडवा धरून एसटी अडवली, शिमग्याचा फाग, म्हणजे पैसे, मागायला. कंडक्टर चिडला, ड्रायव्हर हसला, आणि शेवटी दोर खाली झाला.

जव्हार

जव्हारला डेपोत उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वहाण हातात घेऊन मी संस्थानी गावात प्रवेश केला. चांभार शिमग्यामुळे बंद. एका म्हाताऱ्या फळवालीने टोपलीखालचा दोर तोडून दिला. पळसाच्या मुळीचा दोर, हिराने सांगितलं, आणि खाली बसून माझ्या पायाला चप्पल बांधली. मला फार अवघडल्यासारखं झालं. तो दोर अजून तुटलेला नाही, चप्पलच फाटत आली आहे.

बाजारात एका दुकानात वारली चित्रांचे कप, पिशव्या, पडदे होते. नाचणारी माणसं, तारपा वाजवणारा, बैलगाडी. सगळे नाचत होते. मी दुकानदाराला विचारलं, यात कोणी आजारी, कोणी उपाशी असं काही नाही का? तो म्हणाला, "मॅडम, असलं कोण घेणार घरात लावायला?" बरोबरच होतं त्याचं. हिरा बाहेर उभी राहिली, आत आलीच नाही.

रात्री लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी गौतमदादा जीप घेऊन आले. पन्नाशीतला उंच माणूस, पांढरा शर्ट, स्वतःची थोडी शेती आणि ही जीप. हिराला बघून म्हणाले, "सुकरीबाईची ना तू? आई कशी आहे?" हिरा म्हणाली, बरी हाय. कशाला आलो आहोत ते तिने सांगितलं नाही. आईचं आजारपण रस्त्यात बोलू नये असं तिच्याकडे मानतात, हे तिने मला नंतर सांगितलं. मी फोनवर बोलले होते तेवढंच गौतमदादांना माहीत, की नाशिकच्या बाई चित्रं बघायला येतायत.

माणूस बोलका होता. त्या कुडाची गोष्ट त्यांनीच जीपमध्ये सांगितली.

वारल्यांकडे लग्नात भिंतीवर चौक काढतात. चौकात देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. पण चौक काढायचा सवाशिणींनीच. सोमी नावाची बाई चौक काढण्यात पाड्यापाड्यांत नावाजलेली होती. मग तिचा नवरा साप चावून गेला आणि तिचा हात चौकाला चालेनासा झाला. लग्नघरी ती अंगणात बसून राहायची. आतल्या बायकांची रेघ कुठे चुकली ते तिला बाहेरूनसुद्धा कळायचं म्हणतात, पण बोलायची सोय नव्हती.

हे ऐकताना मला पुण्यातलं माझ्या भाच्याचं लग्न आठवलं, माझा नवरा गेल्यानंतरचं. मला तिथे कोणी काही बोललं नाही. सुशिक्षित माणसं आहेत आमच्याकडे. फक्त हळदीचं ताट हसत हसत माझ्या हातातून काढून घेतलं गेलं, "मावशी, तुम्ही बसा हो, दमाल." मी बसले. तेव्हा वाईट वाटलं होतं ते जीपमध्ये परत वाटलं.

"माझा बाप तिला म्हणाला," गौतमदादा सांगत होते, "सोमे, आमच्या विहारात ये. आमच्यात विधवेचा हात वाईट नसतो. भिंत रिकामी आहे, काढ काय काढायचं ते. बापाला वाटलं बुद्धाचं काढेल, बोधिवृक्ष काढेल. तिने झाड काढलंही. पण ते सालच तसलं. पाड्यावर एक पोर गेलं, तिने झाडाखाली एक पोर काढलं. दुसरं गेलं, दुसरं काढलं. मग शेजारच्या पाड्यांवरनं बाया सांगत यायच्या. ती विचारायची, काय आवडायचं त्याला? कुणाला भोवरा, कुणाला शेळी."

"आणि रंग?" मी विचारलं. सवय.

"रंग कसला, तांदूळ वाटून. आणि त्या साली तांदूळ! लोक म्हणाले म्हातारीला वेड लागलं, खायला दाणा नाही आणि ही भिंतीला लावते. माझा बाप प्रत्येक पोरामागे तिला मूठभर तांदूळ द्यायचा. आई भांडायची त्याच्याशी. सोमी म्हणायची, पोटात नाय गेला, अंगाला तरी लागंल."

जामसर मागे पडलं होतं. कापलेल्या भाताची वाळकी खाचरं, एका विहिरीवर हंड्यांची रांग.

"सोमी जाऊनही झाली बरीच वर्षं. पुढे विहार सिमेंटचा केला, वर पत्रा टाकला, पण मागचा कारवीचा कूड तसाच ठेवला, चित्रांसाठी. आता धुराने मळलीत थोडी, मुंग्यांनी खाल्लीत," गौतमदादा म्हणाले. "पण काल मी किल्ली पाठवून बायांना फोन करून सांगितलंय, पाहुण्या चित्रं बघायला येतायत, जरा नीट करून ठेवा."

पाडा

लांबूनच विहार दिसला. पंचरंगी ध्वज, निळा दरवाजा, समोर झाडलेलं अंगण. दारात पाच-सहा बाया उभ्या होत्या, नेसूची लुगडी धुतलेली, डोक्यात फुलं. गौतमदादा हसून म्हणाले, बघा, तुमच्यासाठी. जीपमधून उतरताच मला ओल्या शेणाचा आणि मातीचा वास आला. छान वास असतो तो. मला अजिबात काही कळलं नाही.

आत बुद्धाची प्लास्टरची लहान मूर्ती, शेजारी प्रत्येक विहारात असते ती कोट-चष्म्यातली तसबीर, एक सतरंजी. आणि मागे कूड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल, ओला, गुळगुळीत. बोटांचे अर्धगोल उमटलेले. त्याच्यावर काहीही नव्हतं.

बायांना फार आनंद झाला होता. त्यांतली एक चाळिशीची बाई पुढे आली. बुधी तिचं नाव, सोमीची सून. हात मनगटापर्यंत गेरूने लाल. "पाहटंच सारवला," ती म्हणाली. "जुना लय खराब झालता. पावन्यांना काय दाखवायचा तसला. आता सुकला का चितारते तुमच्या म्होरं. काय काढू सांगा."

आमच्याकडे जुनं चित्र म्हणजे काच, चौकट आणि 'हात लावू नये'. त्यांच्याकडे पाहुणा चित्र बघायला येतो म्हणजे लग्नाला येतो तसाच. लग्नात कोणी गेल्या वर्षीचा चौक दाखवत नाही. भिंत सारवायची, नवीन काढायचं. मी फोनवर जे बोलले होते त्याचा त्या पाड्यावर एकच अर्थ होऊ शकत होता आणि तो त्यांनी बरोबर केला होता.

गौतमदादा पायरीवर जाऊन बसले. "मी तसं नव्हतं सांगितलं," एवढंच म्हणाले, दोन-तीनदा.

हिरा कुडाजवळ गेली. हात लावला नाही. "झाड कोन्या बाजूला व्हतं?" तिने विचारलं.

बुधीने मधली जागा दाखवली.

"आन कोंबडावाला?"

तेव्हा बायांना समजलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बुधीने लाल हात पदराखाली घेतले. "तू सुकरीमावशीची," ती म्हणाली. "तुझा लाडक्या व्हता. माला कोनी सांगितला नाय गं, तू त्याच्यासाठी आली."

हिरा म्हणाली, "आयस मरते हाय. तिला त्याचा फोटो पायजे व्हता."

मला राग आला होता. स्वतःचा होता, पण माणूस राग दुसऱ्यावर काढतो. कोपऱ्यात एक फार म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. तिचेही हात कोपरापर्यंत लाल. मी तिला म्हटलं, "आजी, तुम्हाला तरी आठवायला हवं होतं. इथे मुलं होती."

"माझी दोन व्हती," म्हातारी म्हणाली. "ती तठं, दाराकडं."

"मग हात कसा लावलात?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. "लगीन झाला का चौक ऱ्हातो का, बाई? त्याच्यावर सारवायचा. मीच म्हनली बुधीला, सारव. किती वरसं उभी ऱ्हायली पोरं. तू दमली का बसते का नाय? त्यांना पन बसूं दे."

अजूनही मला वाटतं की ते चित्र राहायला हवं होतं. म्हातारीने सांगितलं म्हणून माझं मत बदललं असं मी लिहिणार नाही. पण तिच्या दोन मुलांवर तिने स्वतःच्या हाताने माती फिरवली होती, आणि मी तिला जाब विचारत होते. मी बाहेर जाऊन जीपच्या सावलीत उभी राहिले.

जेवायला बसवलंच त्यांनी. नागलीची भाकर, उडदाचं पातळ, सुकटीची चटणी. आमच्यासाठी मुद्दाम तांदळाचा भातही केला होता. आमच्याकडे पाहुण्यासमोर यजमान वाढून घेत नाही. इथे सगळ्या बाया आमच्याबरोबरच बसल्या, आणि कोणी 'घ्या हो, घ्या हो' केलं नाही. हिरा भाकर खात होती. तिने भाताला हात लावला नाही. बुधीने ते बघितलं आणि उठून गेली. मागून पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज यायला लागला.

दुपारी कूड सुकला. बुधी वाटीत पांढरं घेऊन आली. बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेलं. हिरासमोर बसली आणि सासू विचारायची तेच तिने विचारलं, "कसा व्हता तो? काय आवडायचा त्याला?"

हिराने कुडाकडे बघितलं. मग म्हणाली, "माला नाय आठवत."

चाळिशीची बाई, शंभर पोरांची खिचडी रोज शिजवते, आणि ज्याच्याबरोबर एका अंथरुणात झोपली त्याचा चेहरा तिला आठवत नाही. तिच्याकडे त्याचं म्हणून जे काही होतं ते आईने सांगितलेलं चित्र होतं. आणि ते चित्र आम्ही जिथे बसलो होतो तिथून दोन हातांवर, मातीखाली होतं.

"कोंबडा काढ," हिरा म्हणाली. "त्याच्या पायाशी कोंबडा."

बुधीने काडी बुडवली. आधी झाड काढलं, मग झाडाच्या उजव्या अंगाला एक लहान गोल डोकं. डोक्याखाली एक त्रिकोण, त्याच्या टोकाला दुसरा. हात वर उचललेले, एक पाय दुमडलेला. हात चांगला होता तिचा, कुठे अडत नव्हता. पोरगं नाचायला निघाल्यासारखं दिसत होतं. मधे सगळ्या वारली माणसांना असते ती बारीक कंबर.

मी तोंड उघडलं. "बुधीबाई, ते पोट," असं मला म्हणायचं होतं. गोल पोट काढा, त्याशिवाय सुकरीबाई ओळखणार नाही. पहिला शब्द बाहेर पडायच्या आत हिराने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या बाई."

"अगं, पण तिला कळेल."

"कळू दे."

बुधीला काही कळलं नाही, किंवा कळूनही तिने दाखवलं नाही. तिने पायाशी कोंबडा काढला, शेपटी झोकात उभी केली. कोपऱ्यातल्या म्हातारीने स्वतःच्या दोघांबद्दल काही सांगितलं नाही. बुधीने तिच्याकडे बघून विचारलंसुद्धा, तर तिने नाही म्हणून मान हलवली. मी फोटो काढले, जवळून, लांबून. कोंबड्यासकट, कोंबड्याशिवाय. पहिले दोन हलले. परत काढले.

परत

गौतमदादांनी आम्हाला जव्हारच्या डेपोवर सोडलं. वाटेत ते पुन्हा तेच म्हणाले, मी तसं नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, फोन मी केला होता.

एसटीत मी हिराला समजावत होते. आईला सांगू नकोस, मी म्हटलं. जुनंच आहे म्हण. म्हाताऱ्या माणसाला फोनच्या एवढ्याशा पडद्यावर काय दिसतंय. धूर बसला होता तो पुसून काढला म्हण, म्हणून पांढरं स्वच्छ दिसतं. मी बरीच कारणं तयार करून दिली. शाळेत इन्स्पेक्शन आलं की मला हे चांगलं जमायचं. हिराने सगळं ऐकून घेतलं आणि मोखाड्याला उतरून आईसाठी केळी घेतली.

हिराची खोली एका पत्र्याच्या चाळीत आहे. सुकरीबाई दाराजवळच्या खाटेवर होती, उजेडासाठी. मी तिला पहिल्यांदाच भेटत होते. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतकी लहान झालेली, पण डोळे चांगले होते. आम्हाला बघताच तिने विचारलं, "भेटला का?"

हिराने केळी खाली ठेवली, माझ्याकडून फोन घेतला, फोटो मोठा केला आणि आईच्या हातात दिला. मी पढवलेलं एक अक्षरही बोलली नाही. मी दारात उभी होते. मला पळून जावंसं वाटत होतं.

सुकरीबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग थोडा लांब धरला. एका बोटाने पडद्याला हात लावला तर चित्र सरकलं. हिराने ते परत जागेवर आणलं. म्हातारीने कोंबडा बघितला. वर उचललेले हात बघितले. मग तिचं बोट मधे आलं, दोन त्रिकोण मिळतात तिथे, आणि तिथेच थांबलं. फार वेळ थांबलं.

"पोट उतारला त्याचा," सुकरीबाई म्हणाली.

हिराने मान डोलावली.

म्हातारीने लेकीकडे बघितलं. "कोनी जेवाय घातला गं त्याला?"

"बुधीनं," हिरा म्हणाली. "तांदूळ वाटला तिनं."

सुकरीबाईने फोन छातीवर पालथा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. मी तो परत मागितला नाही. हिराने केळं सोललं, आईने अर्धं खाल्लं, आणि उरलेलं अर्धं खाटेच्या कडेला ठेवायला सांगितलं, लाडक्यासाठी.